गाडीवर आहेस का?

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलं की चाकण, राजगुरुनगर, मंचर, कळंब मागे टाकत नारायणगाव येतं, आणि तिथून डावीकडे वळलं की उसामधून ओझरची वाट. संकष्टीला, अंगारकीला विघ्नहराच्या दर्शनाला येणाऱ्या मोटारसायकलींची या वाटेवर रीघ लागते. हँडलला नारळाची, हाराची पिशवी पूर्वीसारखीच लटकलेली असते, पण तिच्या शेजारी आता होल्डरमध्ये मोबाईल असतो, नकाशा उघडा, आणि त्यावर एकामागून एक मेसेज उतरत असतात. ज्यांच्याकडे होल्डर नाही त्यांचा मोबाईल हेल्मेटमध्ये गालापाशी खुपसलेला. ज्यांच्याकडे हेल्मेटही नाही त्यांनी तो मान वाकडी करून खांद्यात धरलेला.

याच वाटेवर गॅरेज चालवणारे एक मामा आणि त्यांचा भाचा यांच्यातला वाद मी बसून ऐकला, मध्ये मध्ये तोंडही घातलं. भाचा चाकणला कंपनीत आहे. सुट्टीला ओझरला येतो, धाकट्या भावाबरोबर टोमॅटोचं रान बघतो. त्याने टचस्क्रीन असलेली इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचं ठरवलं होतं आणि मामांना ती पसंत नव्हती. दोघेही आपापल्या परीने बरोबर, असं म्हणून हा वाद सोडून देता आला असता. मला ते पटत नाही. एकाचं एका बाबतीत चुकतं आहे आणि दुसऱ्याचं दुसऱ्या.

मामा : गाडीला मी नावं ठेवत नाही. आवाज नाही, धूर नाही, चेन-स्प्रॉकेटची कटकट नाही. माझा आक्षेप त्या पडद्यावर आहे. हॉर्न, इंडिकेटर, डिपर हे सगळं अंगठ्याखाली का दिलंय? मान खाली घालायला लागू नये म्हणून. बटण बोटाला कळतं. उंचवटा लागला की समजतं, हा हॉर्न. काचेला उंचवटा कुठला? तिथं बोट कुठं पडलं ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

भाचा : मामा, हॉर्न आणि इंडिकेटर बटणावरच आहेत, ते कोणी काढलेले नाहीत. पडद्यावर काय असतं? बॅटरी किती उरली, पुढे चार्जिंग कुठे मिळेल, कुठल्या फाट्याला वळायचं. हे बटणावर कसं दाखवणार? आणि पडदा नसला म्हणून मी हे बघायचं थांबणार आहे का? मग खिशातून मोबाईल काढीन. त्यापेक्षा समोर असलेलं काय वाईट?

मामा : समोर असलं की नजर जाते. खिशात असलं तर निदान गाडी बाजूला घ्यावी लागते.

भाचा : घेतं कोण? तुम्हीच सांगा, घेतं कोण?

मामा यावर काही बोलले नाहीत. भाच्याचा हा प्रश्न नीट ऐकण्यासारखा आहे. वाहनातला पडदा वाईट असं म्हणणाऱ्याला तो नसताना माणसं काय करत होती याचंही उत्तर द्यावं लागतं, आणि ते आपण रोज रस्त्यावर पाहतो. एका हातात हँडल, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मेसेज वर सरकवणं चाललेलं.

पण बदल किती भराभर झाला तेही बघावं. १९७२ साली आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून चेतक बाहेर पडू लागली तेव्हा तिच्यावर बघण्यासारखं म्हणजे वेगाचा काटा आणि किलोमीटर मोजणारे आकडे. २०१८ मध्ये एथरने सात इंची टचस्क्रीनची स्कूटर आणली आणि त्याच वर्षी टीव्हीएसची एनटॉर्क ब्लूटूथने मोबाईलला जोडली गेली. चेतक विजेवर चालणारी होऊन २०२० च्या जानेवारीत परत आली आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये तिच्या वरच्या मॉडेलला स्पर्शाने चालणारा पडदा मिळाला. वेगाच्या काट्यापासून नकाशा, गाणी आणि आलेल्या फोनच्या नावापर्यंतचं अंतर शेवटच्या सहा-सात वर्षांत कापलं गेलं. रस्ता, खड्डा, आडवी येणारी गाय आणि माणसाचे दोन डोळे होते तेच राहिले.

भाचा : कायदाही माझ्या बाजूने आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमात दुरुस्ती झाली. रस्ता शोधण्यासाठी मोबाईल वापरायला परवानगी आहे.

मामा : आणि पुढचं? पुढचं वाच की.

पुढचं असं आहे की चालकाची एकाग्रता ढळणार नाही अशा रीतीनेच तो वापरायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ हातात फोन घेऊन वाहन चालवण्याला धोकादायक चालवणं मानतं. त्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. महाराष्ट्रात तडजोडीचा दंड दुचाकीस्वाराला पहिल्या वेळी एक हजार रुपये आहे. म्हणजे कायद्याने नकाशा बघायला हरकत घेतलेली नाही, लक्ष दुसरीकडे जाण्याला घेतली आहे. हवालदाराला मात्र लक्ष दिसत नाही, हातातला फोन तेवढा दिसतो. त्यामुळे होल्डरमधल्या फोनवर मेसेज वाचणारा सुटतो आणि तो सुटतो म्हणून त्याला वाटतं, आपण नियमात आहोत.

मामांनी मग गणित मांडलं. गॅरेजच्या भिंतीवर खडूने, अगदी शाळेत मांडावं तसं. ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त जाते. नकाशाकडे दोन सेकंद बघितलं तर तेहतीस मीटर. एखादा मेसेज वाचायला पाच सेकंद लागले तर त्र्याऐंशी मीटर. "एवढं अंतर तू डोळे मिटून गाडी चालवलीस," ते म्हणाले. "डोळे मिटून चालव म्हटलं तर चालवशील का?"

भाचा : चारचाकीवालेही बघतात की. त्यांच्या गाडीत तर टीव्हीएवढा पडदा असतो.

मामा : त्यांच्या गाडीला चार चाकं आहेत. स्टिअरिंगवरचा एक हात काढला तरी गाडी उभी राहते. तुझ्या मोटारसायकलवर उजव्या मुठीत अॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक, डाव्या हातात क्लच, हॉर्न, इंडिकेटर. दुचाकीवर मोकळा हात नसतोच. पडद्याला बोट लावायला तू कुठला हात काढणार? उजवा काढलास तर पुढचा ब्रेक गेला. डावा काढलास तर हॉर्न आणि क्लच गेला. आणि खड्डा यायचा असतो तो नेमका तेव्हाच येतो.

माझ्या मते हा या सगळ्या चर्चेचा गाभा आहे आणि तो एका मेकॅनिकने सांगितला यात नवल नाही. मोटारीबद्दलचं शहाणपण जसंच्या तसं मोटारसायकलला लावता येत नाही. मोटारीत माणूस यंत्राच्या आत बसलेला असतो. दुचाकीवर त्याचे हात, त्याचा तोल आणि त्याची नजर हेच यंत्राचे भाग असतात. त्यातला एखादा काढून घेतला की ती गाडी तेवढ्या वेळापुरती मोडलेलीच समजावी.

आणि मोटारींच्या बाबतीतही पडद्याचा अनुभव फार चांगला नाही. 'वी बीलेगारे' या स्वीडिश मासिकाने २०२२ मध्ये नव्या गाड्या ताशी ११० किलोमीटरने चालवून चार साधी कामं करायला किती वेळ लागतो ते मोजलं. तुलनेला २००५ सालची, साध्या बटणांची व्होल्व्हो घेतली होती. तिच्यात ती कामं १० सेकंदांत, ३०६ मीटर जाईपर्यंत उरकली. टचस्क्रीनवाल्या गाड्यांत सर्वांत मागे राहिलेल्या गाडीला ४४.९ सेकंद लागले, आणि तेवढ्यात ती १३७२ मीटर पुढे गेली होती. युरोपात नव्या गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि मदतीची हाक यांना प्रत्यक्ष बटणं असावीत अशी अपेक्षा गुणांकनात घातली आहे.

भाच्याला हे नवीन नव्हतं. तो उत्पादनातला माणूस, त्याने उलट मलाच एक गोष्ट ऐकवली. २१ ऑगस्ट २०१७ ला सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची 'जॉन एस. मॅकेन' ही विनाशिका एका तेलवाहू जहाजाला धडकली आणि दहा खलाशी गेले. सुकाणू आणि इंजिनाचा वेग टचस्क्रीनवरून एका जागेवरून दुसऱ्या जागी सोपवताना गोंधळ झाला होता. प्रशिक्षण अपुरं होतं, तसंच ती पडद्यावरची व्यवस्थाही खलाशांना नीट उमजत नव्हती. चौकशीनंतर २०१९ मध्ये नौदलाने वेगासाठी पुन्हा हाताने ढकलायचे दांडे बसवायचं ठरवलं.

भाचा : म्हणून मी असं म्हणतच नाही की सगळं पडद्यावर टाका. जे चालता चालता लागतं ते बटणावर, जे थांबल्यावर लागतं ते पडद्यावर. काही गाड्यांत चाक फिरायला लागलं की पडद्याला स्पर्श करून काही करताच येत नाही, डाव्या अंगठ्याखालच्या बटणाने काय ते करायचं. मी तशीच बघतोय. शिवाय आपल्या माळशेजच्या पावसात टचस्क्रीन चालते कुठे? काचेवर पाण्याचा थेंब पडला की तिला वाटतं बोट लागलं. हातमोजे घातले की खरं बोट लागलेलंही कळत नाही. मे महिन्यात दुपारी होल्डरमधला मोबाईल तापून बंद पडतो. मोठ्या इंजिनाच्या थरथरीने फोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं अॅपलने स्वतःच २०२१ मध्ये सांगून ठेवलंय. हे सगळं मला ठाऊक आहे, मामा. मी पडद्याचा भक्त नाही.

मामा : मग भांडतोयस कशाला?

भाचा : तुम्ही पडद्याशी भांडताय म्हणून. पडदा मेला नाहीतर जगला, फोन वाजायचा थांबत नाही.

इथे वाद खऱ्या विषयावर आला. टचस्क्रीनच्या बाजूने भाचा जे बोलला त्याहून फोनबद्दल तो जे पुढे बोलला ते मला जास्त मोलाचं वाटतं, म्हणून ते सविस्तर देतो.

भाचा : २०२३ च्या जुलैमध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव गेला. तुम्हाला आठवतंय. रोज भाव वेगळा. तोडा आज करायचा की उद्या, पिकअप कुठल्या गाळ्याला लावायचा, हे सगळं फोनवर. मी कंपनीतून सुटून गाडीवर बसलो की तिथून पुढे घरी पोहोचेपर्यंत फोन. व्यापारी, भाऊ, मजुरांचा मुकादम, आई. एक फोन उचलला नाही तर माल दुसऱ्याच्या गाडीत बसायचा. हा फोन गंमत म्हणून वाजत नाही. आणि मोबाईलने रस्त्यावरचा जीव वाचवलाही आहे, ते तुम्ही धरत नाही. रानात मोटरला मोबाईल स्टार्टर बसवला त्याच्या आधी रात्रीची लाईट आली की दोन वाजता उठून गाडीला किक मारायची आणि उसातून विहिरीवर जायचं. उसात बिबट्या. आता अंथरुणातून फोन लावला की पंप चालू. त्या सगळ्या रात्रीच्या फेऱ्या वाचल्या की नाही?

मामा : वाचल्या. ते मी मानतो.

भाचा : अपघात झाला तर १०८ ला, ११२ ला फोनच लागतो.

मामा : तेही मानतो. पण तो फोन अंथरुणातून लावला होतास, रस्त्यावर उभं राहून लावला होतास. गाडीवर बसून नव्हे. तुझा सगळा हिशेब थांबलेल्या माणसाचा आहे.

हे मला पटलं. भाच्याने दाखवलेल्या फोनच्या उपकारांपैकी एकही उपकार चालत्या गाडीवरचा नाही. टोमॅटोचा भाव तेवढा चालत्या गाडीवर येतो, पण व्यापाऱ्याला उत्तर द्यायला लागणारी दोन मिनिटं नारायणगावच्या बायपासच्या कडेला, गाडी स्टँडवर लावूनही देता येतात. अडचण अशी की तशी ती दिली जात नाहीत, कारण फोन पहिल्या घंटीला उचलायची सवय दोन्ही बाजूंना लागली आहे. त्यातली दुसरी बाजू, म्हणजे फोन करणारी, कुठल्याच चलनात सापडत नाही.

मामींनी तोवर चहा आणला होता. त्या एरवी बोलायच्या नाहीत, पण इथे त्यांनी सरळ सांगितलं, "आम्ही विचारतो, गाडीवर आहेस का म्हणून. हा हो म्हणतो. मग आम्ही म्हणतो, बरं, एकच ऐक. आणि तो ऐकतो."

महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात हे संभाषण रोज होतं. गाडीवर आहेस का, हा प्रश्न आपण काळजीने विचारतो. उत्तर हो आलं तर फोन ठेवायला हवा. तो आपण ठेवत नाही. काळजी विचारण्यापुरतीच राहते. पोर सुखरूप पोहोचावं म्हणून विघ्नहराला नारळ फोडणारी आई त्याच पोराला वाटेत चार वेळा फोन करते, कुठवर आलास म्हणून. मी त्या माउलीला दोष देत नाही, तिला कोणी हे सांगितलेलंच नाही. तिला वाटतं, बोलण्याने काय होतंय, हात तर मोकळे आहेत, कानात ते ब्लूटूथ आहे.

बोलण्याने होतं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेअर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये हे तपासलं. फोनवर बोलणाऱ्यांकडून सिग्नल चुकण्याची शक्यता दुप्पट झाली, आणि फोन हातात असो की हँड्सफ्री, त्यात फरक पडला नाही. रेडिओ ऐकणाऱ्यांवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे गुंतवून ठेवणारी गोष्ट आवाज नव्हे. संभाषणात उत्तर द्यावं लागतं, ते जुळवायला मन लागतं, आणि तेवढं मन रस्त्यावरून उठून जातं. डोळे समोर असतात आणि समोरचं दिसत नाही.

भाचा : मग मागे बसलेल्या माणसाशी बोलूच नये का? ओझरला येताना नवरा-बायको गप्पा मारत येतात.

या प्रश्नाला मामांनी दिलेलं उत्तर मी कुठल्याही पुस्तकाइतकं खरं मानतो.

मामा : मागे बसलेलं माणूस रस्ता बघत असतं. पुढे खड्डा आला, समोरून एसटी आली की ते आपोआप गप्प होतं. कधी खांद्यावर हात मारून सांगतं, अरे हळू. फोनवरच्या माणसाला तुझा खड्डा दिसत नाही. तू वळणावर आहेस आणि ते विचारतंय, लग्नाला किती पत्रिका छापायच्या. तुला गप्प बसता येत नाही, कारण तू गप्प बसलास की ते म्हणतं, हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का.

नेमकं हेच २००८ मध्ये युटातल्याच संशोधकांनी वाहन चालवण्याच्या नकली यंत्रावर करून पाहिलं. शेजारी बसलेल्याशी बोलणाऱ्या बहुतेक चालकांनी ठरलेलं वळण बरोबर घेतलं. फोनवर बोलणाऱ्यांपैकी निम्मे ते चुकून पुढे गेले. शेजारचा माणूस गप्पांमध्येच रस्त्याबद्दल बोलत होता, वळण आलं की आठवण करत होता. मामांनी हा शोधनिबंध वाचलेला नाही. त्यांनी आयुष्यभर वाकलेली हँडल सरळ केली आहेत.

आपल्याकडची आकडेवारी याबद्दल काय सांगते तेही बघू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत दर १०० मागे ४४ हून जास्त दुचाकीवरची होती. वाहन चालवताना मोबाईल वापरल्यामुळे गेलेल्यांचा आकडा ३,३९५ असा नोंदलेला आहे. भाचा म्हणाला, एवढ्या मोठ्या देशात हे किती थोडे. मला हा आकडा कमी वाटत नाही, अपुरा वाटतो. मोबाईल वापरत होतो असं जखमी माणूस पोलिसांना सांगत नाही आणि गेलेला सांगायला उरत नाही. पंचनाम्यात 'अतिवेग' लिहिलं जातं, 'ताबा सुटल्याने' लिहिलं जातं. ताबा का सुटला हे शोधायला त्याच्या फोनमधली वेळ आणि अपघाताची वेळ ताडून बघावी लागेल. ती प्रत्येक गंभीर अपघातात बघावी, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याशिवाय ही गोष्ट आपल्याला तिच्या खऱ्या आकारात दिसणार नाही.

या भागातल्या रस्त्याला तर चूक पोटात घालायची सवयच नाही. महामार्ग रुंद झाला, गावांना बायपास मिळाले, वेग वाढला. १७ जानेवारी २०२५ ला नारायणगावजवळ टेम्पोची मागून धडक बसून एक प्रवासी गाडी उभ्या एसटीवर आदळली आणि नऊ जणांचा जीव गेला. तिथे मोबाईलचा संबंध होता असं मी म्हणत नाही. पुढचं वाहन उभं आहे की चालतं आहे हे ओळखायला या रस्त्यावर किती थोडा वेळ मिळतो, एवढंच त्यातून घ्यावं. आतल्या रस्त्यांवर वेग कमी, पण तिथे गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, बैलगाड्या असतात, आणि त्यांच्या मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच याची खात्री नसते. तिन्हीसांजेला उसातून बिबट्या आडवा जातो. जुन्नर तालुक्यात ही ऐकीव गोष्ट नाही, माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे. अशा वाटेवर कानात बोलणं चालू ठेवून गाडी हाकणारा माणूस एकटा आहे असं त्याला वाटतं, पण तिथे समोरून दुसरा कोणी तरी येत असतोच, आणि कदाचित तोही बोलत असतो.

भाचा : हे मला पटतं. पण मग फोन बंद करूनच निघायचं का? ते जमणार नाही. खोटं कशाला बोलू?

मामा : खोडदला जमतं की.

खोडद इथून जवळच. तिथे जीएमआरटीची रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पसरलेल्या. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण लहरी ती ऐकते आणि मोबाईलच्या लहरींचा तिला त्रास होतो, म्हणून आत जाताना फोन बंद ठेवायला सांगतात. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं तेव्हा जुन्नर, आंबेगावातल्या शाळांची पोरं आणि त्यांचे पालक तिथे येतात. दोन-तीन तास फोन बंद असतात. भाचाही शाळेत असताना गेला होता. "कोणाचं काही अडलं का?" मामांनी विचारलं. अडलेलं नसतं, कारण फोन लागला नाही तर माणूस खोडदला गेला असेल हे घरच्यांना आधीच माहीत असतं. ओझर ते चाकण हे अंतर त्याच हिशेबात धरायला काय हरकत आहे? निघताना एकदा सांगायचं, पोहोचल्यावर एकदा. मध्ये माणूस गाडीवर आहे.

माझं मत मी त्या दोघांसमोरही मांडलं. पडद्याबद्दल भाचा बरोबर आहे. वळणाचा बाण आणि बॅटरीचा आकडा दाखवणारा, चालत्या गाडीत बोट लावू न देणारा पडदा हँडलवर असायला हरकत नाही, खिशातल्या फोनपेक्षा तो बराच बरा. रस्ता मात्र निघण्याआधी टाकावा. नकाशात नुसतं 'ओझर' टाकलं तर नाशिकजवळचं, विमानांच्या कारखान्याचं ओझरही समोर येतं. ते दुरुस्त करायची जागा मंचरचा बायपास ही नव्हे. पण संभाषणाबद्दल मामा बरोबर आहेत आणि तिथे मधला मार्ग नाही. कानात असो, हेल्मेटमध्ये असो, पडद्यावर हिरवं बटण दाबून असो, दुचाकीवर फोनवर बोलू नये. कंपन्यांनी 'फोन उचला'ची सोय चालत्या दुचाकीवर देऊच नये. ती देणं आणि वर एकाग्रता ठेवा असं सांगणं, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही.

शहरात घरपोच सामान देणाऱ्या मुलांची गोष्ट याहून बिकट आहे. त्यांना फोन करणारी आई नसते, अॅप असतं. पुढची ऑर्डर घ्यायची की नाही हे ते गाडीवर असतानाच विचारतं आणि उत्तरासाठी थोडेच सेकंद देतं. गाडी चालू आहे हे त्या अॅपला पक्कं ठाऊक असतं, कारण ती कुठे आहे हे ते क्षणाक्षणाला बघत असतं. मामींना फोन ठेवायला शिकवता येईल. अॅपला शिकवण्यासाठी मात्र सरकारला नियम करावा लागेल, गाडी थांबल्याशिवाय विचारणा करायची नाही असा.

भाच्याने शेवटी मोबाईल काढला, स्टुलावर बसून सेटिंगमध्ये गेला आणि गाडी सुरू असताना येणाऱ्या फोनला आपोआप जाणारा निरोप लिहिला : गाडीवर आहे, थांबलो की करतो. मामींनी तो वाचून मान हलवली. धाकट्या भावालाही तो चालणार होता. व्यापाऱ्यासाठी असं ठरलं की संध्याकाळचा भाव त्याने मेसेजने टाकावा आणि भाच्याने नारायणगावला चहाला थांबल्यावर उत्तर द्यावं. चार वर्षांच्या ओळखीवर तेवढं तो ऐकेल, असं भाच्याचं म्हणणं.

कंपनीतल्या सुपरवायझरवर मात्र गाडं अडलं. पाळी बदलली की तो रात्री कधीही फोन करतो आणि न उचलणाऱ्याचं नाव लक्षात ठेवतो.

मामा : त्याला पहिल्या दिवशीच सांग, मी दुचाकीवर येतो.

भाचा : सांगतो. तो म्हणेल, हँड्सफ्री घे.

मामा : मग त्याला इकडे घेऊन ये एकदा. मी बोलतो त्याच्याशी.